मॉडेल तेच, पत्रा वेगळा: जुन्या पिकअपचे बॉडी पार्ट घेण्याआधी

बॉनेट आम्ही चौघांनी उचलून गाडीवर ठेवलं. बिजागऱ्यांचे बोल्ट हातानेच आत गेले, पान्याची गरजही पडली नाही. काचेखालच्या पट्टीशी फट दोन्ही बाजूंना सारखी. मी मनातल्या मनात रंगाची छटा ठरवायला लागलो होतो. मग बॉनेट खाली घेतलं, आणि पुढचं नाक जाळीवर काही केल्या बसेना. दाबलं, उचललं, बिजागऱ्या सैल करून सरकवलं. मागची फट बिघडली, नाक होतं तिथेच राहिलं.

माझी गाडी १९७० ची शेवरले सी-१०. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘१९६७-७२ सी-१०चं बॉनेट’. तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. पिढी तीच, केबिन तीच. पण १९६९ मध्ये शेवरलेने गाडीचं तोंड बदललं. त्याआधीचं बॉनेट पुढे उतरत जाणारं, नंतरचं उभ्या, बोथट नाकाचं. मला मिळालं ते आधीचं. मागचा भाग दोन्हींचा सारखा, म्हणून बोल्ट बसले आणि मी फसलो.

हा लेख पहिल्यांदाच जुनी पिकअप हातात घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकन गाड्यांची आहेत, कारण माझे हात त्यांच्याच गंजाने काळे झालेत. पण पद्धत कुठल्याही जुन्या पिकअपला लागू पडते. ‘सी-१०’ किंवा फोर्डची ‘एफ-१००’ हे गाडीचं नाव झालं, पत्र्याचं नव्हे. पत्र्याची ओळख त्याच्या कडांवर असते. कोणती कड कोणाला भिडते, एवढा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मे घोटाळे टळतात.

## १. कागदावरच्या वर्षावर विसंबू नका

कागदावर लिहिलेलं वर्ष ही फक्त सुरुवात आहे. अमेरिकन कंपन्यांचं मॉडेल वर्ष आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच सुरू व्हायचं. ऑक्टोबर १९६६ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी १९६७ चं मॉडेल असते. शिवाय व्यापारी वाहनांच्या बाबतीत, गाडी ज्या वर्षी विकली गेली तेच वर्ष कागदावर चढल्याचे प्रकारही घडले आहेत. म्हणजे वर्षभराची चूक कागदातच मुरलेली असू शकते, आणि ते एक वर्ष नेमकं बदलाचं निघालं तर तुमचं बॉनेट माझ्या बॉनेटाशेजारी भिंतीला टेकून उभं राहील.

याचं टोकाचं उदाहरण १९५५ ची शेवरले. त्या एका वर्षात दोन पूर्ण वेगळ्या पिकअप विकल्या गेल्या. वर्षाच्या सुरुवातीची ‘फर्स्ट सीरिज’ म्हणजे दिसायला जवळजवळ १९५४ चीच गाडी, गोलसर जुन्या बांध्याची. मार्चमध्ये ‘सेकंड सीरिज’ आली. तिला नवी केबिन, कडांना वळसा घालणारी पुढची काच, नवे फेंडर. दोन्हींच्या कागदावर १९५५. ‘१९५५ शेवरलेचं दार’ अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न एकच: कोणती सीरिज?

कागदानंतर पाहायचा चेसिस नंबर. १९६७ ते १९७१ च्या शेवरले पिकअपमध्ये तो वाचायला सोपा आहे. समजा नंबर ‘सीई१४९’ ने सुरू होतो. सी म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह (फोर-व्हील असेल तर के), ई म्हणजे व्ही-८ इंजिन (सहा सिलिंडर असेल तर एस), १ म्हणजे अर्ध्या टनाची, ४ म्हणजे पिकअप, आणि ९ म्हणजे १९६९. १९७२ मध्ये सुरुवातीला एक अक्षर वाढलं: शेवरलेला सी, जीएमसीला (जनरल मोटर्सचाच ट्रकचा दुसरा ब्रँड, शेवरलेची बहीण) टी. त्याच काळातल्या फोर्डच्या ट्रकमध्ये वर्षाचा आकडा असा सरळ मिळत नाही. एफ१० म्हणजे टू-व्हील एफ-१००, एफ११ म्हणजे फोर-व्हील, एवढं कळतं, पण वर्ष शेवटच्या अनुक्रमांकावरून काढावं लागतं.

यातला एक सापळा नीट लक्षात ठेवा. १९६७-७२ च्या फोर्डमध्ये माहितीची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेवर असते. म्हणजे कोणी दार बदललं असेल तर गाडीची ‘ओळख’ दाराबरोबर दुसऱ्या गाडीवर गेली! पट्टीवरचा नंबर चेसिसवर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारेचा ब्रश, थोडं डिझेल आणि टॉर्च घेऊन चेसिसची उजवी पट्टी घासत बसावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण करा. जनरल मोटर्सच्या १९६७ नंतरच्या गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या आत एक कागदी स्टिकर असतं. त्यावर कारखान्यातून गाडीला लावलेल्या ऑप्शनांची यादी असते. ते शाबूत असेल तर लगेच फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदाचे दिवस केव्हाच भरलेले आहेत.

आता महत्त्वाचं. गाडीचं वर्ष ठरलं तरी तिच्या अंगावरच्या प्रत्येक पत्र्याचं वर्ष ठरत नाही. पन्नास-साठ वर्षांत ही गाडी किती वेळा ठोकली गेली, किती वेळा भंगारातल्या भावंडाचा फेंडर तिला चढला, कोण सांगणार? म्हणून एका वहीत प्रत्येक भाग वेगळ्या ओळीवर लिहा: डावा फेंडर, उजवा फेंडर, बॉनेट, डावं दार, उजवं दार, केबिन, हौदा (मागची माल ठेवायची जागा), फाळका (हौद्याचं मागचं दार). प्रत्येकासमोर त्याचा मूळ रंग. तो कुठे सापडतो? दाराच्या रबराखाली, फेंडरच्या आतल्या बाजूला, बॉनेटच्या सांगाड्यावर, जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा फवारा पोचला नाही तिथे. माझ्या गाडीत केबिन मुळात हिरवी, डावं दार हिरवं, उजवं दार निळं, आणि हौदा पांढरा निघाला. म्हणजे तीन गाड्या मिळून एक.

## २. जवळ काय हवं

हत्यारांसाठी पैसे फारसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

- तुमच्या वर्षाचा कंपनीचा पार्ट कॅटलॉग आणि असेंब्ली मॅन्युअल, छापील किंवा पुनर्मुद्रित. कॅटलॉगमध्ये प्रत्येक भागासमोर तो कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं.
- इंच आणि मिलिमीटर दोन्ही खुणा असलेला टेप. या गाड्या इंचात जन्मल्या आहेत.
- जाड पुठ्ठा, कात्री, मार्कर पेन. कडांचे खाके कापायला.
- लोहचुंबक, पातळ कापडात गुंडाळलेलं. पुट्टीचे थर आणि फायबरचे भाग ओळखायला.
- टॉर्च, छोटा आरसा, तारेचा ब्रश.
- स्वतःच्या गाडीचे फोटो, प्रत्येक कडेचे, टेप लावून काढलेले.
- गाडीचे कागद आणि चेसिस नंबराचा फोटो.

फोर्डच्या कॅटलॉगचा नंबर वाचायला शिकून घ्या, फार उपयोगी पडतं. सी७टीझेड-१६००५ असा नंबर घ्या. पहिलं अक्षर दशक: बी म्हणजे पन्नाशीचं, सी साठीचं, डी सत्तरीचं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष, म्हणजे इथे १९६७. टी म्हणजे ट्रक, झेड म्हणजे सुटा विकायचा भाग. मधला १६००५ म्हणजे उजवा फेंडर, १६००६ म्हणजे डावा, १६६१२ म्हणजे बॉनेट. मात्र सुरुवातीचं वर्ष हे त्या भागाचं डिझाइन ज्या वर्षाचं त्याचं आहे. तो भाग पुढे चार वर्षं तसाच बनत राहिलेला असू शकतो. ‘सी७ आहे, माझी गाडी १९६९ ची, म्हणजे चालणार नाही’ असा उलटा घोटाळाही लोक करतात.

## ३. आपल्या पिढीतलं मोडीचं वर्ष शोधा

कुठलीही पिढी बरीच वर्षं चालते, आणि मध्येच कुठेतरी कंपनी हात फिरवते. ते वर्ष मी ‘मोडीचं वर्ष’ म्हणतो. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे भाग एकमेकांना चालतील असं धरून चालू नका. मला नेहमी उपयोगी पडलेले काही बदल इथे देतो.

शेवरले, १९४७ ते १९५५ ची सुरुवात. दाराने सगळ्यात जास्त घोळ घालणारी हीच पिढी. १९५० पर्यंत दाराला हवेची छोटी तिकोनी काच नव्हती. ती १९५१ मध्ये आली, पण बाहेरचं हँडल जुनंच, खाली वळवायचं. १९५२ मध्ये बटण दाबायचं हँडल आलं. म्हणजे १९५१ चं दार एकाच वर्षाचं: काच नवी, हँडल जुनं. त्यापुढे १९५४ मध्ये मधली दांडी असलेली दोन तुकड्यांची पुढची काच जाऊन अखंड काच आली, जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला. १९५३ ची केबिन १९५४ च्या गाडीला ‘बसते’, पण मग काच, डॅशबोर्ड, बिडिंग सगळं १९५३ चं घ्यावं लागतं.

शेवरले, १९५५ ची सेकंड सीरिज ते १९५९. पहिली तीन वर्षं एका बाजूला एक दिवा, १९५८ पासून दोन दोन. फेंडर आणि जाळी त्याप्रमाणे. १९५५-५८ च्या कॅमिओ कॅरियरच्या हौद्याच्या बाजू फायबरग्लासच्या होत्या. तिथे लोहचुंबक चिकटत नाही म्हणून ‘पुट्टीच पुट्टी आहे’ असं ठरवून उठून येऊ नका.

शेवरले, १९६० ते १९६६. इथे मोडी दोन आहेत. १९६०-६१ च्या बॉनेटला पुढे जेट विमानाच्या तोंडासारखे फुगवटे आहेत आणि दिवे चार. १९६२ मध्ये बॉनेट साधं झालं, दिवे दोन झाले. मग १९६४ मध्ये केबिनच बदलली. १९६३ पर्यंतची पुढची काच कडांना वळसा घालते, त्यामुळे काचेचा खांब मागे सरकतो आणि दाराच्या चौकटीला गुडघ्यासारखं वळण येतं. १९६४ पासून काच सपाट, खांब सरळ, दार वेगळं. ‘१९६०-६६ चं दार’ अशी जाहिरात देणाऱ्याला खांबाचा फोटो मागा.

शेवरले, १९६७ ते १९७२. माझी पिढी, म्हणून जरा थांबतो. १९६९ चं तोंड वर सांगितलंच. पण १९६७ हे वर्षही एकटंच आहे. त्या वर्षी केबिनची मागची काच मुळात छोटी होती, मोठी काच ऑप्शन म्हणून मिळायची. आणि १९६७ च्या फेंडरला, हौद्याला बाजूचा दिवा नाही. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत बाजूला दिवा किंवा परावर्तक असणं सक्तीचं झालं आणि १९७० पासून दोन्ही. त्यामुळे सगळ्याच कंपन्यांच्या पत्र्यात त्या काळात नवी भोकं पडली. फेंडरला भोक आहे की नाही, एवढ्यावरून १९६७ चा फेंडर ओळखता येतो. मात्र ते भोक वेल्डिंगने बुजवलं नाही ना, हे आतून बोट फिरवून पाहा.

पुढच्या १९७३-८७ च्या पिढीत मोडीचं वर्ष १९८१: बॉनेट, फेंडर, जाळी नवी.

फोर्ड. १९४८-५० च्या एफ-१ ची जाळी आडव्या पट्ट्यांची, १९५१-५२ ची एकाच रुंद तोंडाची, दिवे जाळीच्याच ओळीत आलेले. फेंडर त्यामुळे वेगळे. १९५३-५६ च्या एफ-१०० मध्ये शेवटचं वर्ष वेगळं: १९५६ ला वळसेदार काच आली, आणि तिच्याबरोबर केबिन आणि दारंही बदलली. १९५३-५५ चं दार १९५६ ला बसत नाही, आणि १९५६ चं मागे बसत नाही. एकाच वर्षाचे भाग असल्यामुळे ते दिसले की लोक आधी उचलतात, मग विचार करतात. १९५७-६० मध्ये दिवे १९५८ ला दोनाचे चार झाले. १९७३-७९ मध्ये पुढचं तोंड १९७८ ला बदललं. १९७७ पर्यंत दिवे गोल, १९७९ ला सगळे चौकोनी, आणि मधल्या १९७८ मध्ये साध्या गाडीला गोल, वरच्या दर्जाच्या गाडीला चौकोनी.

१९६१-६३ च्या फोर्डची गोष्ट राहिली. ती हौद्याच्या पायरीत सांगतो, कारण तिने माझे सगळे नियम मोडले.

## ४. भाग बघू नका, त्याचे शेजारी मोजा

दार विकत घेताना आपण दाराकडे बघतो. बघायचं असतं दाराच्या चार शेजाऱ्यांकडे: पुढे फेंडर, मागे केबिनचा खांब, वर छप्पर, खाली पायरीची पट्टी. दार चांगलं, गंजमुक्त, पण वरची चौकट तुमच्या काचेच्या खांबाच्या कोनाशी जुळत नसेल तर ते दार तुमच्यासाठी भिंतीवरचं चित्र आहे.

बाजूचे फेंडर सोडले तर बॉनेटला दोनच खरे शेजारी: मागे काचेखालची पट्टी, पुढे जाळी. मी फक्त मागचा पाहिला. फेंडरला मात्र सगळ्यात जास्त शेजारी: बॉनेट, दार, दिव्याची चौकट, बंपर, आतला चिखलरोधक पत्रा. म्हणून फेंडरची जोडी शक्यतो एकाच गाडीवरची घ्या. डावा एका वर्षाचा आणि उजवा दुसऱ्या वर्षाचा असेल तर फरक दुरून दिसत नाही. दिवे लावले की दिसतो, एक डोळा किंचित तिरळा.

केबिन बदलायची वेळ आली तर आणखी तीन गोष्टी पाहा. पहिली, जमिनीचा मधला उंचवटा. १९६७-७२ च्या शेवरलेत चार गिअरच्या आणि फोर-व्हील गाड्यांना उंच, बाकीच्यांना बसका. उंचवट्याचं झाकण सुटं निघतं, पण ते मिळवावं लागतं. दुसरी, एसी. कारखान्यातून एसी घेतलेल्या गाडीच्या इंजिनाकडच्या भिंतीला भोकं वेगळ्या जागी असतात, आणि उजव्या फेंडरच्या आतला पत्राही वेगळा. तिसरी, मागची काच, छोटी की मोठी. तिसरी दिसते, पहिल्या दोन गालिच्याखाली आणि इंजिनामागे लपतात.

पुठ्ठ्याचा खाका कसा काढायचा? कडेला पुठ्ठा आडवा धरा, पेन्सिलीने रेघ मारा, कापा, पुन्हा लावून पाहा, जिथे उजेड दिसतो तिथे थोडं आणखी कापा. बॉनेटच्या नाकाचा, फेंडरच्या चाकावरच्या कमानीचा आणि दाराच्या वरच्या कोपऱ्याचा, असे तीन खाके पुरतात. त्यांवर गाडीचं नाव, बाजू आणि वरची दिशा लिहा. माझा पहिला खाका मी उलटा धरून भंगारवाल्यासमोर पाच मिनिटं वाद घातला होता.

## ५. हौदा आणि फाळका

हौद्याच्या बाबतीत नावं आधी पाठ करा, कारण एकाच वस्तूला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव आहे. चाकं बाहेर, वर वेगळे फेंडर, अरुंद हौदा: शेवरलेत स्टेपसाइड, जीएमसीत फेंडरसाइड, फोर्डमध्ये फ्लेअरसाइड, डॉजमध्ये युटिलाइन. चाकं आत, बाजू सरळ: त्याच क्रमाने फ्लीटसाइड, वाइडसाइड, स्टाइलसाइड, स्वेप्टलाइन. आधीच्या प्रकाराचा फाळका दुसऱ्याला लागत नाही, इतकं सांगायची गरज नसावी, पण लोक विचारतात.

मग लांबी. १९६७-७२ च्या शेवरलेत ११५ इंची व्हीलबेसवर (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) साडेसहा फुटी हौदा, १२७ इंचीवर आठ फुटी. त्याच काळच्या एफ-१०० मध्ये ११५ आणि १३१. हौद्याची लांबी टेपने मोजाच, पण त्याआधी तुमच्या चेसिसचा व्हीलबेस मोजा. कोणीतरी मध्येच चेसिस कापून आखूड केलेली गाडी भेटणं दुर्मीळ नाही.

स्टेपसाइडच्या हौद्यावर स्टेपनी बाजूला टांगायची सोय असेल, तर त्या बाजूच्या फेंडरला चाकासाठी खोलगट खड्डा असतो. ठोकर लागलेला पत्रा समजून तो ‘सरळ’ करणारा कारागीर मी पाहिला आहे. बराच मेहनती माणूस. १९७३ पासूनच्या शेवरलेत पेट्रोलची टाकी केबिनमधून निघून चेसिसच्या बाजूला गेली, त्यामुळे भरायचं तोंड हौद्यात आलं. एक टाकी असेल तर एका बाजूला, दोन असतील तर दोन्ही बाजूंना. १९७२ चा हौदा त्याआधीचा, त्याला तोंड नाहीच.

आता ती १९६१-६३ ची फोर्ड. त्या वर्षांत स्टाइलसाइडमध्ये फोर्डने केबिन आणि हौदा एकच केला, मधली फट गायब. मला अशाच काळातली एक गाडी दाखवली गेली, पण हौदा सुटा होता, आणि केबिनच्या बाजूची रेघ हौद्यावरच्या रेघेशी साफ चुकत होती. ‘कोणीतरी जुना हौदा चढवलाय,’ असं म्हणून मी किंमत पाडायला बसलो. मालक हसला. त्या वर्षांत फोर्डने स्वतःच काही गाड्यांना आधीच्या, १९५७-६० च्या पिढीचा सुटा हौदा लावून विकलं होतं. हौशी मंडळी त्यांना ‘राँग बेड’ म्हणतात. म्हणजे चुकीचा दिसणारा हौदा कारखान्यातून तसाच आलेला! तेव्हापासून ‘जुळत नाही’ आणि ‘मूळचं नाही’ ही दोन वाक्यं मी वेगळी बोलतो.

फाळक्यावरची अक्षरंही फसवतात. कॅनडात फोर्डचीच पिकअप १९६८ पर्यंत मर्क्युरी नावाने आणि डॉजची फार्गो नावाने विकली जायची. पत्रा बहुतेक तोच, अक्षरं आणि बिल्ले वेगळे. फोर्डच्या फाळक्याऐवजी मर्क्युरीचा मिळाला तर तो बसतो. फक्त मागून येणारे लोक तुमची गाडी कोणती असा प्रश्न विचारत राहतील.

## ६. विकणाऱ्याला काय विचारायचं

‘बसेल ना?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर कायम ‘हो’ येतं. त्याऐवजी असं विचारा:

हा भाग कोणत्या गाडीवरून उतरवला, आणि त्या गाडीचा चेसिस नंबर काय? दुसऱ्या कोणी आधी चढवलेला होता का? आतल्या बाजूचा फोटो मिळेल का? बाहेरचा फोटो सगळेच पाठवतात. गंज, वेल्डिंग, बुजवलेली भोकं, मूळ रंग सगळं आतल्या बाजूला असतं. प्रत्येक कडेचा फोटो टेप लावून द्याल का? आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरपी मापं घेतली, तर त्यांत फरक किती? तिरपी मापं जुळली नाहीत तर भाग पिळलेला आहे.

उत्तर द्यायला टाळाटाळ करणारा प्रामाणिकही असू शकतो. त्याला खरंच माहीत नसतं. पण मग किंमत त्याच हिशोबाने ठरवा.

## ७. नवे बनवलेले भाग

लोकप्रिय पिढ्यांचे फेंडर, बॉनेट, दारांचे पत्रे आज नवे बनवून मिळतात. त्यात वर्षांचा घोळ कमी असतो, कारण यादीत वर्ष नीट लिहिलेलं असतं. घोळ असतो जाडीचा आणि उठावांचा. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिमी जाड, २० गेजचा ०.९ मिमी. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. पातळ फेंडर हलका वाटतो, आणि उन्हात ठेवून मधोमध दाबला की डब्यासारखा आवाज करतो. उठावाच्या रेषा जुन्या पत्र्यावर धारदार असतात, नव्यावर बऱ्याचदा पुसट. रंग चढल्यावर शेजारच्या जुन्या दाराची रेघ फेंडरवर येऊन विरघळल्यासारखी दिसते. माझा कल स्पष्ट आहे: दुरुस्त होण्याजोगा मूळ पत्रा मिळत असेल तर थोडा गंज पत्करून तोच घ्यावा. जमिनीचा पत्रा, पायरीच्या पट्ट्या, केबिनचे खालचे कोपरे यांना हे लागू नाही. ते नवेच घ्या.

## ८. रंगाआधी कोरडी जुळणी

भाग आला की त्याला लगेच घासायला, प्रायमर मारायला घेऊ नका. रंग लागलेला भाग परत करता येत नाही. सगळे शेजारी गाडीवर चढवा, बोल्ट अर्धेच आवळा. क्रम असा: आधी केबिन चेसिसवर पक्की, मग दारं, मग फेंडर दाराशी जुळवून, मग जाळीमागची चौकट, सगळ्यात शेवटी बॉनेट. बॉनेटपासून सुरुवात केली तर चूक ढकलत ढकलत दारापर्यंत जाते. केबिनखालचे रबर झिजलेले असतील तर आधी ते बदला. नाहीतर सगळी जुळणी बसलेल्या रबरावर होते आणि नवे रबर टाकल्यावर प्रत्येक फट हलते.

फट मोजायला मी एकाच जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरतो. दोन पट्ट्या वर सहज जातात आणि खाली एकही जात नाही, म्हणजे बिजागरी सरकवायची आहे. वर-खाली सारखी पण पुढे-मागे कमीजास्त असेल तर पातळ चकत्या घालून, म्हणजे शिम लावून पाहा. हे सगळं करूनही एखादी कड अर्ध्या इंचाने चुकत असेल, तर ती चूक जुळणीची नाही, वर्षाची आहे. कापाकापी करण्याआधी वही काढा.

त्या बॉनेटचं पुढे काय झालं? सहा महिने भिंतीला टेकून उभं होतं. मग मी जाहिरात दिली: ‘१९६७-६८, उतरतं नाक, पुढच्या कडेचं माप फोटोत.’ एकाचा निरोप आला, गाडी १९६७ ची आहे, लगेच पैसे पाठवतो. मी त्याला आधी दोन्ही फेंडरचे फोटो पाठवायला सांगितलं. डावा स्वच्छ, बाजूचा दिवा नाही. उजव्याला दिवा. त्याला तोवर माहीतच नव्हतं. मी त्याला उजव्या फेंडरच्या पुढच्या कडेला टेप लावून पुन्हा फोटो काढायला सांगितला आहे, आणि बॉनेट तोपर्यंत त्याच्या नावाने बाजूला ठेवलं आहे.